सेटिंग्जमध्ये ‘डीबग’ दिसतं, पण अपडेट होत नाही: कन्सोल डेव्हलपरचा की साधा, हे कसं ओळखायचं

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. “काका, जुन्या बाजारातून पीएसथ्री घेतला. चालू होतो, दोन-तीन गेमही चालतात. पण अपडेट टाकलं की घेतच नाही. आणि सेटिंग्जमध्ये काहीतरी जास्तीचं दिसतंय.” मग जरा थांबून, आवाज खाली आणून पुढचं वाक्य येतं: “विकणारा म्हणाला डेव्हलपर युनिट आहे. म्हणजे दुर्मिळ असेल ना?”

शनिवार पेठेत कन्सोल दुरुस्तीला बसून मला बरीच वर्षं झाली. माझ्या टेबलावर ‘डेव्हलपर युनिट’, म्हणजे गेम बनवणाऱ्यांना दिलेलं यंत्र, म्हणून आलेले बहुतेक कन्सोल साधे, दुकानातून विकलेलेच निघाले. कुणीतरी आतलं सॉफ्टवेअर बदलून ठेवलेलं. पण सगळेच नाही. पुण्यात गेम बनवणाऱ्या आणि गेमची टेस्टिंग करणाऱ्या कंपन्या आहेत, त्यामुळे खरं टेस्टकिट, म्हणजे गेम तपासायला दिलेलं यंत्र, भंगाराच्या लॉटमधून फिरत फिरत बाजारात येणं अगदीच अशक्य नाही. विकणाऱ्यालाही हे माहीत असतं. म्हणूनच तो ‘डेव्हलपर’ हा शब्द भावात पाचशे-हजार वाढवायला वापरतो.

आधी कंटाळवाणी कारणं बाजूला काढा. अपडेट न होण्याचा आणि डीबगचा, म्हणजे गेममधल्या चुका शोधायच्या सोयीचा, काहीएक संबंध नसतो, असं कैक वेळा निघतं. पीएसथ्रीला, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ३ ला, पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटमध्येच लागतो, एक्सफॅट किंवा एनटीएफएस चालत नाही. फाइल ठेवायचे फोल्डर कॅपिटल अक्षरांत, एकात एक, नेमक्या नावाचे हवेत. आणि जुनी हार्ड डिस्क मरायला टेकली असेल तर अपडेट मध्येच अडकतं. डिस्कला कान लावून ऐका, टकटक येत असेल तर बाकी सगळी चर्चा नंतर. एवढं करूनही कन्सोल पहिल्या पायरीलाच फाइल नाकारत असेल तरच पुढे वाचा.

मुळात फरक काय, तो थोडक्यात. दुकानातला कन्सोल फक्त कंपनीनं शेवटची सही करून दिलेलं सॉफ्टवेअर चालवतो. टेस्टकिट, ज्याला जुन्या काळी डीबग स्टेशन म्हणत, ते अर्धवट झालेले गेमही चालवतं, म्हणजे टेस्टरला रोजची नवी आवृत्ती टाकून बघता येते. डेव्हकिट त्याच्याही पुढचं: ते संगणकाला जोडून गेम चालू असतानाच मध्ये थांबवता येतो, मेमरीत काय चाललंय ते बघता येतं. त्यासाठी अनेकदा जास्तीची मेमरी आणि जास्तीचे पोर्ट असतात. या तिघांचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, वेगवेगळं. टेस्टकिटला दुकानातल्या कन्सोलचं अपडेट दिलं तर ते घेणार नाही. त्याचं फर्मवेअर नोंदणी केलेल्या डेव्हलपरलाच मिळतं. तुमची तक्रार इथे जुळते खरी, पण हीच तक्रार सॉफ्टवेअर बदललेला साधा कन्सोलही करतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

म्हणून माझा पहिला नियम: मेनूवर विश्वास ठेवू नका, लेबलवर ठेवा. मेनू पेनड्राइव्हनं बदलता येतो. लेबल बदलायला कष्ट लागतात, आणि केलेले कष्ट दिसतात.

सोनीच्या बाबतीत लेबल वाचणं तुलनेनं सोपं आहे. पहिल्या पीएसचा दुकानातला नंबर एससीपीएचने सुरू होतो, डेव्हलपर आणि डीबग यंत्रांचा डीटीएलने. पीएसटूलाही तेच. पीएसथ्रीपासून पहिलं अक्षरच बोलतं. साधा असेल तर सीईसीएच, टेस्टचा असेल तर डीईसीएच. म्हणजे सीच्या जागी डी. पीएसथ्रीचं मोठं डेव्हलपमेंट यंत्र डीईसीआर नंबरचं; ते रॅकमध्ये बसवायच्या सर्व्हरसारखं दिसतं, त्याला कुणी साधा कन्सोल समजणार नाही. पीएसफोरला साधा सीयूएच, किट असेल तर डीयूएच, आणि डॅशनंतरच्या अक्षरात डी म्हणजे डेव्हकिट, टी म्हणजे टेस्टकिट. पीएसफाइव्हला सीएफआय आणि डीएफआय, त्याच हिशेबानं. भारतात विकलेल्या पहिल्या पीएसफाइव्हवर सीएफआय-१००८ए दिसेल. त्याचं डेव्हकिट इंग्रजी व्ही अक्षरासारखं खाच पडलेलं आहे, त्यात फसायला वावच नाही. फसवणूक होते ती टेस्टकिटमध्ये, कारण ते बाहेरून बऱ्यापैकी दुकानातल्या कन्सोलसारखंच दिसतं.

हातातल्या कन्सोलमध्येही तोच हिशेब: साधा पीएसपी पीएसपी-१००० असा, किट डीटीपीने सुरू होणारं. व्हिटा साधा पीसीएच, किट पीडीईएल किंवा पीटीईएल. निन्टेन्डोचं माझ्याकडे कमी येतं. साध्या स्विचवर एचएसी-००१, लाइटवर एचडीएच-००१, ओएलईडीवर एचईजी-००१ लिहिलेलं असतं, एवढं मिळालं की मी पुढे खोदत नाही.

आता लेबल कसं बघायचं. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात जुनी लेबलं कोपऱ्यातून सुटतात, हे साहजिक आहे. सुटलेल्या कोपऱ्याखाली धूळ चिकटून काळसर रेघ झालेली असेल तर लेबल बहुतेक मूळचंच. पण लेबल पूर्ण सपाट, कडा धारदार आणि त्याच्याभोवती मात्र जुन्या, जरा मोठ्या लेबलच्या गोंदाची चौकट दिसत असेल, तर समजा कुणीतरी छापून चिकटवलंय. टेबल लॅम्प आडवा धरा, वरून नको. आडव्या उजेडात गोंदाची चौकट लगेच उठून दिसते. मी हे एकदा गिऱ्हाइकासमोर केलं तेव्हा त्यानं लॅम्पच माझ्या हातातून घेतला आणि पाच मिनिटं तो नुसता कन्सोल फिरवून बघत बसला. विकणाऱ्याचं नाव त्यानं ज्या शब्दांत घेतलं ते इथे लिहीत नाही.

खोक्यावरचा सीरियल नंबर आणि कन्सोलवरचा जुळतो का, हेही बघा. खोकं नसेल तर नसू दे, जुन्या बाजारात खोकं कोण देतो.

आता त्या पीएसथ्रीकडे येऊ. कॉलेजचा मुलगा होता, धनकवडीचा. कन्सोल स्लिम, मागच्या लेबलवर सीईसीएच-२५०१ए. शेवटचं ०१ म्हणजे अमेरिकेचं युनिट. कुणाच्या तरी नातेवाइकानं तिकडून आणलेलं असणार. लेबल मूळचं. सील मात्र तुटलेलं, आणि त्याखालच्या, मध्ये टोक असलेल्या टॉर्क्स स्क्रूची खाच झिजलेली, म्हणजे आधी कुणीतरी चुकीचा पाना लावून झगडलं होतं. चालू केला. सेटिंग्जमध्ये ‘डीबग सेटिंग्ज’ हजर, त्यात ‘एनपी एन्व्हायर्नमेंट’ची ओळसुद्धा, म्हणजे कन्सोलनं कुठल्या नेटवर्कला जोडायचं ते ठरवणारी. गेमच्या रांगेत ‘पॅकेज फाइल इन्स्टॉल करा’ अशा अर्थाची ओळ. मुलगा माझ्याकडे विजयी चेहऱ्यानं बघतोय.

लेबल सी म्हणतंय, मेनू डी म्हणतोय. अशा वेळी लेबलचं ऐकायचं.

पीएसथ्रीच्या दुनियेत साध्याला सीईएक्स आणि डीबगला डीईएक्स म्हणतात. रिबगसारख्या बदललेल्या फर्मवेअरमध्ये साध्या यंत्रावरही डीबगचे मेनू उघडता येतात. त्याहून पुढे जाऊन कुणी कन्सोलची ओळखच बदलतं. प्रत्येक पीएसथ्रीच्या आत १६ बाइटची एक ओळख असते, तिला आयडीपीएस म्हणतात. त्यातला सहावा बाइट सांगतो हे यंत्र कोणतं आहे: ८२ असेल तर डीबग, ८३ जपान, ८४ अमेरिका, ८५ युरोप. फ्लॅश चिपमधला हा भाग पुन्हा लिहून ८४ चं ८२ केलं की अमेरिकेचा साधा पीएसथ्री स्वतःला डीबग समजायला लागतो. मग तो साधं अपडेट नाकारणारच. त्याच्या मते ते त्याच्यासाठी नाहीच. म्हणजे कन्सोल बिघडलेला नव्हता. त्याला स्वतःबद्दल चुकीची माहिती दिलेली होती.

हे उलट फिरवता येतं, फक्त घाई करायची नाही. पहिलं काम: फ्लॅशचा बॅकअप. या स्लिममध्ये तो १६ एमबीचा असतो. दोनदा काढायचा आणि दोन्ही फाइल एकमेकांशी ताडून बघायच्या, बाइट न् बाइट सारखा हवा. फरक पडला तर तिसऱ्यांदा. बॅकअप पेनड्राइव्हवर नाही, संगणकावर ठेवायचा. पेनड्राइव्ह चहाच्या टपरीवर विसरण्यासाठीच बनलेले असतात. मग ओळख मूळ देशाच्या आकड्यावर आणायची, इथे ८४. त्यानंतरच साधं फर्मवेअर. वर लिहिलेला क्रम बदलून कुणी आधी जबरदस्तीनं अपडेट लादायला गेलं, तर कन्सोलची वीट व्हायची, म्हणजे तो चालूच न होण्याची, शक्यता असते, आणि मग चिपला तारा सोल्डर करून लिहावं लागतं. ते काम मी करतो, पण त्याचे पैसे ऐकून लोक दुसरा कन्सोल घेतात.

मुलाचा पीएसथ्री दुसऱ्या दिवशी साधा होऊन गेला. तो जरा हिरमुसला होता. दुर्मिळ यंत्र घेऊन आला होता, चालणारं यंत्र घेऊन गेला.

पीएसफोरला तपासणी याहून सोपी आहे, आणि ती घरी दोन मिनिटांत होते. सेटिंग्जमध्ये चांदणी लावलेलं ‘डीबग सेटिंग्ज’ दिसतंय? जेलब्रेक केलेल्या, म्हणजे कंपनीचं सॉफ्टवेअरचं कुलूप तोडलेल्या, साध्या पीएसफोरवरही ते दिसतं. फरक असा की पीएसफोरवरचे हे जेलब्रेक टिकाऊ नसतात. कन्सोल पूर्ण बंद झाला की जातात, परत चालवावे लागतात. तेव्हा कन्सोल पूर्ण बंद करा. रेस्ट मोड नाही, त्यात जेलब्रेक तसाच राहतो. दिवा विझू दे, वायर काढा, मिनिटभर थांबा, परत लावा. काहीही न करता सरळ सेटिंग्ज उघडा. चांदणी गेली असेल तर यंत्र साधं. विकणाऱ्यासमोरच हे करायचं, आणि तो “अरे असं बंद नका करू, सेव्ह जाईल” म्हणायला लागला तर उत्तर तिथेच मिळालं. पीएसथ्रीला ही युक्ती लागू नाही, कारण त्याचं बदललेलं फर्मवेअर फ्लॅशमध्ये कायमचं बसलेलं असतं. वायर काढली काय, ठेवली काय.

एक्सबॉक्समध्ये वेगळीच गंमत. एक्सबॉक्स वन घेऊन येणारे सांगतात, “चालू केला की ‘डेव्ह होम’ नावाचं काहीतरी येतं आणि गेम चालत नाहीत.” यात दुर्मिळ काहीही नाही. मायक्रोसॉफ्टनं २०१६ पासून कुणालाही आपला दुकानातला एक्सबॉक्स वन डेव्हलपर मोडमध्ये नेण्याची सोय दिली आहे. स्टोअरमधून एक ॲप घ्यायचं, खातं नोंदवायचं, कन्सोल परत चालू होतो तो या मोडमध्ये. या मोडमध्ये असताना दुकानातले गेम चालत नाहीत, हेच त्याचं काम आहे. डेव्ह होममध्येच ‘लीव्ह डेव्ह मोड’ असा पर्याय आहे, तो दाबला की कन्सोल नेहमीसारखा. कुणाच्या तरी इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टचं हे उरलंसुरलं असतं. खरं एक्सबॉक्स वन एक्सचं डेव्हकिट वेगळं असतं: समोर छोटा डिस्प्ले, बटणं, आणि आत १२ ऐवजी २४ जीबी मेमरी.

एक्सबॉक्स ३६० मात्र त्रासदायक आहे. खऱ्या डेव्हकिटला अंगावर जास्तीचा डबा जोडलेला असतो, तो ओळखू येतो. टेस्टकिटला नसतो. आणि आरजीएच नावाची युक्ती केलेल्या साध्या ३६० वर डेव्हकिटचं सॉफ्टवेअर चढवता येतं, मग चालू केल्यावर नेहमीच्या डॅशबोर्डऐवजी एक्सशेल नावाचा डेव्हलपरचा लाँचर येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, हेच ते. दोन खुणा बघा. पहिली, कन्सोल दहा वेळा बंद-चालू करा. आरजीएच केलेलं यंत्र आतल्या आत प्रयत्न करत करत सुरू होतं, म्हणून कधी पटकन, कधी बराच वेळ लावून. खरं किट दर वेळी सारख्याच वेळात उठतं. दुसरी, सिस्टिम इन्फोमध्ये दिसणारा सीरियल नंबर आणि मागच्या लेबलवरचा नंबर. जुळले नाहीत तर बोर्ड किंवा डबा, दोन्हीपैकी एक दुसरीकडचा आहे. उघडायची तयारी असेल तर बोर्डवर हातानं टाकलेल्या बारीक तारा शोधा. कारखान्यात कुणी मदरबोर्डवरून अशी निळी तार आडवी नेत नाही.

पहिल्या एक्सबॉक्सची एक जुनी समजूत अजून फिरते: “१२८ एमबी रॅम आहे, म्हणजे डेव्हकिट.” खऱ्या डेव्हलपर यंत्रांत १२८ होती आणि दुकानातल्यात ६४, हे बरोबर. पण दुकानातल्या बऱ्याच बोर्डांवर जास्तीच्या चार चिपच्या जागा रिकाम्याच सोडलेल्या होत्या, आणि हौशी लोकांनी त्या भरून घेतल्या. त्यामुळे १२८ दिसलं तर चिपच्या पायांवरचं सोल्डर बघा. चार जुने, चार चकचकीत असतील तर कुणाच्या तरी रविवारची मेहनत आहे ती.

आणि निळा पीएस. संग्राहकांचा लाडका, म्हणून रंगवाल्यांचाही. पहिल्या पीएसची डीबग यंत्रं निळी होती, डीटीएल-एच१००० च्या मालिकेतली, नंतरची डीटीएल-एच१२०० च्या मालिकेतली हिरवी. घरी बसून गेम लिहू पाहणाऱ्यांसाठी सोनीनं आणलेला नेट यारोझ काळा, डीटीएल-एच३००० च्या मालिकेतला. साधा करडा. आता करड्यावर निळा स्प्रे मारायला कितीसा वेळ लागतो? म्हणून उलटा करा आणि तळाच्या स्क्रूच्या खोल खड्ड्यात टॉर्च मारा. स्प्रेचा रंग तिथे पोचत नाही, खाली करडं प्लास्टिक डोकावतं. खऱ्याचं प्लास्टिक मुळातच रंगीत असतं. “रायटरवर जाळलेली सीडी चालते, कुठल्याही देशाची चालते” हा पुरावा धरू नका. आपल्याकडे त्या काळी मॉडचिप बसवलेले पीएस गल्लोगल्ली होते, तेही हेच करायचे.

समजा सगळं तपासून खरंच डी निघालं. तर एक गोष्ट आधी स्पष्ट करून घ्या: घरी खेळायला ते यंत्र साध्या कन्सोलपेक्षा वाईट आहे. दुकानातलं अपडेट बसत नाही, ऑनलाइन खेळायचा भरवसा नाही, आणि पीएसफोरपासूनच्या किटला ठराविक मुदतीनं पुन्हा सक्रिय करावं लागतं, जे नोंदणीकृत डेव्हलपरलाच जमतं. ही यंत्रं करारावर दिलेली असतात, आणि करार ती पुढे विकायला परवानगी देत नाही. अंगावर एखाद्या कंपनीची ॲल्युमिनियमची पट्टी, बारकोड आणि क्रमांक असेल तर ती खरवडू नका. ती पट्टी म्हणजे कुणाच्या तरी रजिस्टरमधली नोंद आहे. विकणाऱ्याकडून भंगार खरेदीचा कागद, लिलावाची पावती, काहीतरी लेखी मागा. देत नसेल तर परत करा. मी स्वतः अशा यंत्राला पाना लावत नाही.

तशी वेळ दोन वर्षांपूर्वी आलीच. एक गृहस्थ पिशवीतून पीएसफोर घेऊन आले. ऑफिसच्या भंगाराच्या लॉटमध्ये मिळाला म्हणाले. उलटा केला, लेबल डीयूएच-टी१०००एए, लॅम्प आडवा धरला, सगळं मूळचं. टीव्हीला लावला तर सक्रियतेची मुदत संपल्याचा संदेश. माझ्याकडे आलेला तो पहिला खरा टेस्टकिट. मी कधीपासून अशा यंत्राची वाट बघत होतो, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांना म्हटलं, लॉटची पावती शोधा, त्यावर यंत्राचा नंबर आहे का बघा, मग बोलू. “बघतो” म्हणाले, पिशवी उचलली आणि गेले. पावती घेऊन काही आले नाहीत. त्यांची एचडीएमआय केबल माझ्या टीव्हीच्या मागेच राहिली आहे, कुणाची असेल तर घेऊन जा.